कर्ण्यातून बोललेलं

आप्पा,

तुम्ही जाऊन दहा वर्षं होऊन गेली, पण तुमचं तोंड काही गेलेलं नाही. ते अजून कल्याणात फिरतंय. सलूनमध्ये, पार्सल ऑफिसाबाहेरच्या बाकावर, आपल्याच ओट्यावर, जिथे चार हॉकीवाले जमतात तिथे तुम्ही असताच. मेलेल्या माणसानं गप्प बसावं एवढी साधी रीत, तीही तुम्हाला पाळता आली नाही. मला लिहायची सवय नाही. तिसरी झाली आणि पोरीच्या जातीला एवढं पुरे म्हणून तुम्हीच शाळेतून काढलंत. त्याबद्दल आता भांडत नाही. पण भांडायचं दुसरं आहे आणि ते समोर बसून भांडता येत नाही, म्हणून लिहिते. दुपारी दवाखान्यातून आले, भांडी घासून ठेवली, की थोडं थोडं लिहिते. पुन्हा वाचून बघत नाही. वाचलं तर फाडून टाकीन.

तुमचे ते रविवार मला चांगले आठवतात. सकाळपासून तुमचं घरात लक्ष नसे. यार्डात सांधेवाल्याची नोकरी, इंजिनांच्या आवाजावर ओरडून ओरडून कमावलेला गळा, आणि त्यात तो पत्र्याचा कर्णा, वर्कशॉपातल्या कोणीतरी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तुम्हाला करून दिलेला. शनिवारी संध्याकाळी तो मी राखेनं घासायची, तोंडाला लागतो म्हणून. एकदा घासता घासता मी तो सहज तोंडाला लावला आणि धाकट्या भावाला हाक मारली, तर तुम्ही आतून आलात आणि म्हणालात, बाईमाणसानं कर्णा तोंडाला लावायचा नाही. रागानं नाही म्हणालात. भाकरीला पाणी कमी झालं असं सांगावं तसं म्हणालात. मी तो खाली ठेवला आणि परत घासायला लागले.

स्वतः तुम्ही जन्मात कधी हॉकीची काठी हातात धरली नाहीत. हे मी लिहिते कारण आता कोणी ते बोलत नाही. रेल्वेच्या मैदानावर तेव्हा गोरे खेळायचे, अर्धे गोरे खेळायचे, गोव्याकडचे आणि वसईकडचे किरिस्ताव खेळायचे, आणि कडेला आपली माणसं उभी. त्यांना काय चाललंय ते कळावं म्हणून तुम्ही सुरुवात केलीत, आणि बघता बघता लोक खेळ बघायला कमी आणि तुम्हाला ऐकायला जास्त यायला लागले. दोरीच्या कडेकडेनं चेंडूबरोबर धावत तुम्ही बोलायचात. हा बघा आपला राइट आउट, चेंडू आला की ह्याला घरची आठवण येते. फुलबॅक साहेब जेवून आलेत, त्यांना उठवू नका. माणसं पोट धरून हसायची. आणि ज्याच्याबद्दल बोललात तो पोरगा कानापर्यंत लाल होऊन अंगात आल्यासारखा खेळायचा. ज्याला तुम्ही भित्रा म्हणालात त्याचं नाव पुढच्या रविवारी संघात नसायचं. क्लबातले साहेब मराठी समजत नव्हते, पण लोक कोणाला हसतात ते त्यांना समजत होतं. आणि कोणी पडला, की तुमचं ते ठरलेलं. पडला तो मेला, उठला तो आपला. पहिलं अर्धं तुम्ही म्हणायचात, उरलेलं सगळं मैदान म्हणायचं. धाकटा तेव्हा माझ्या कमरेइतका. तोही म्हणायचा.

मग त्या किरिस्ताव पोराचं झालं. लेफ्ट आउट होता, बारीक चणीचा, आईला घेऊन यायचा मैदानावर, ती छत्री उघडून बसायची. त्याला कोपरावर फटका बसला आणि तो हात धरून खाली बसला. तुम्ही कर्ण्यातून म्हणालात, छत्रीखाली जाऊन बस बाळा, ऊन लागेल. मैदान हसलं. तो उठला, परत खेळायला गेला आणि दोन काठ्यांच्या मध्ये सापडला. खांद्याचं हाड बाहेर आलं होतं म्हणे. त्याची आई तुमच्याकडे बघत होती की नाही, मला माहीत नाही. मी नव्हते तिथे. मी घरी चुलीपाशी होते. तुम्ही आलात, हातपाय न धुता पाटावर बसलात. मी भाकरी वाढली, सुकटीचं कालवण वाढलं. तुम्ही हात लावला नाहीत. बराच वेळ तव्याकडे बघत बसलात आणि म्हणालात, "काठी दुसऱ्याची, हाड त्या पोराचं, पण मोडलं माझ्या तोंडानं."

एवढंच. मी म्हटलं, मग पुढच्या रविवारी हे कर्ण्यातून सांगा सगळ्यांना. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत जसं काही मी तुम्हाला नागवं बाहेर जायला सांगितलं होतं. "कर्ण्यातून असलं बोलत नसतात," म्हणालात. आणि पुढच्या रविवारी गेलात, आणि कोणीतरी पडला, आणि तुम्ही तेच म्हणालात. जरा जास्तच मोठ्यानं म्हणालात. मी ऐकलं ना. आपल्या चाळीपर्यंत यायचा तुमचा आवाज.

मला त्याचा राग तेव्हा नव्हता आला. बापाला कोण रागावतं. आता येतो. खरं काय ते तुम्ही चुलीपाशी बोललात, जिथे ऐकायला मी एकटी, आणि माझं कोण ऐकतंय. आणि बाकीचं सगळं कर्ण्यातून.

तुम्ही गेल्यावर मला रेल्वेच्या दवाखान्यात आया म्हणून घेतलं आणि खोली राहिली. धाकटा मोठा झाला. यार्डात लागला, तुमच्यासारखाच. मैदानावर आता गोरे नाहीत, विलायतेला गेले सगळे, अर्धे गोरेही बरेचसे गेले, त्यांच्या क्वार्टर्सात आपली माणसं राहतात आणि व्हरांड्यात पापड वाळत घालतात. आता आपली पोरं खेळतात. विजेचा भोंगा आलाय. रेल्वे शाळेचे ड्रिल मास्तर माइकवर बोलतात आणि सुरुवातीलाच तुमचं नाव घेतात. तुमचा कर्णा क्लबात खिळ्याला टांगलाय. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालतात. मला सांगायला आले होते, आक्का, बघायला या. मी म्हटलं, मी तो राखेनं घासलाय, मला काय दाखवता.

आणि एक नवीनच चालू झालंय, ते तुम्हाला माहीत नसणार. वाद झाला की तुम्हाला विचारतात. संध्याकाळी आपल्या ओट्यावर सगळे जमतात. पाच फॉरवर्ड पुढे ठेवायचे की दोन मागे खेचायचे, लांब फटका मारून पळायचं की आखूड पासनं जायचं, मार खाऊन खेळणारा पोरगा बरा की मार चुकवून खेळणारा. तासभर घसा फोडतात. मिटत नाही. मग कोणीतरी म्हणतो, आप्पा असते तर काय म्हणाले असते. आणि मग सलूनवाला दोन्ही हातांचा कर्णा करतो, तोंडाला लावतो, आणि तुमच्या आवाजात बोलतो. तो म्हणेल तो निकाल. त्याच्यावर कोणी बोलत नाही. तुमचा आवाज त्याला जमतो, खोटं कशाला बोलू. तुमची ती शेवटच्या शब्दाला वर जायची ढब, मध्येच घसा खाकरणं, सगळं जमतं. गंमत म्हणजे लहानपणी तो तुमच्या मागे मागे धावायचा तेव्हा तुम्ही त्याला एकदा माकड म्हणाला होतात. तुम्ही कधी न बोललेल्या किती गोष्टी तो तुमच्या आवाजात बोललाय. पोरं त्या पाठ करतात.

यंदा धाकट्याच्या गुडघ्याला लागलं. सेमीफायनलला. सेंटर हाफ आहे तो, मधला खांब, सगळा खेळ त्याच्यातून जातो, असं ते म्हणतात. घरी आला तो भिंतीला धरून. गुडघा दुधी भोपळ्यासारखा सुजलेला. मी दवाखान्यात काम करते, मी असे गुडघे बघितलेत. आतली गादी फाटली की पाय मध्येच अडकतो, कुलूप लावल्यासारखा. आणि आप्पा, ह्याच वेळेला त्याचं नाव गार्डाच्या जागेला लागलं होतं. परीक्षा पास झाला होता, माहीत आहे का तुम्हाला? मॅट्रिकला आपटलेला पोरगा, यार्डातून येऊन कंदिलाशी बसून नियमांचं पुस्तक घोकायचा. नुसती डाक्टरी तपासणी राहिली होती. तुम्ही जन्मभर गाड्यांना वाट करून दिलीत, हा गाडीत बसून जाणार होता. मी शेजारणींना सांगून बसले होते.

मी डॉक्टरसाहेबांकडे गेले. म्हटलं, साहेब, त्याला खेळू नको म्हणून कागद द्या, कागद बघितला की क्लबवाले गप्प बसतील. त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, "बाई, मी तोंडी सांगितलंय त्याला, दोन महिने पाय टेकू नको. पण कागदावर लिहिलं की तो कागद वर जातो. मग गार्डाची जागा राहू दे, यार्डातूनसुद्धा उठवतील." म्हणजे लिहिलं तर नोकरी जाते, न लिहिलं तर गुडघा जातो. आणि मग ते टेबलावरचा कागद सारखा करत म्हणाले, "पण काय हो, ह्याच्याशिवाय मधली फळी धरणार तरी कोण?" म्हणजे तेही त्यातलेच. मी बादली उचलली आणि बाहेर आले.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर हाच वाद. मी दाराच्या आत, तांदूळ निवडतेय. समोरचा संघ घाटावरून येणारा, आडदांड, घोट्यावर काठ्या मारणारा. पार्सलबाबू म्हणजे सरळ माणूस. त्यांनी ओट्यावर काड्यापेटीतल्या काड्या मांडल्या होत्या, ह्या बाजूनं आपल्या, त्या बाजूनं त्यांच्या. त्यांचं म्हणणं, ह्याला बसवा. दुसऱ्या कोणालाही सेंटर हाफला घ्या पण दोन फुलबॅकच्या जवळ उभा करा, आणि इनसाइडवाल्या दोघांना मागे खेचा. आखूड पास, आखूड पास, त्यांना पळवून दमवा. मला मैदान दिसत होतं त्या काड्यांत. सगळे ऐकत होते. एक-दोघं हो म्हणाले. धाकटाही बघत होता, मान खाली घालून, गुडघ्यावर हात ठेवून, आणि मला वाटलं, सुटला. पार्सलबाबूंना मी मनातल्या मनात हात जोडले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, ठीक आहे, पण आप्पा काय म्हणाले असते.

सलूनवाल्यानं मांडलेल्यातलीच एक काडी उचलून विडी पेटवली. सेंटर हाफची काडी. मुद्दाम नाही, जी जवळ होती ती उचलली. दोन झुरके मारले, विडी कानावर ठेवायला गेला, चटका बसला, सगळे हसले. मग त्यानं हातांचा कर्णा केला आणि तुमच्या आवाजात म्हणाला, पडला तो मेला. आणि ओट्यावरच्या सगळ्यांनी उरलेलं म्हटलं. पार्सलबाबूंनीसुद्धा. धाकट्यानं मान वर केली. आप्पा, त्याचं तोंड असं झालं होतं जसं त्याला कोणी शाळेतून घरी न्यायला आलंय.

मी तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि बाहेर आले. मी ओट्यावर पुरुषांत कधी जात नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण गेले. म्हटलं, तुम्हाला आप्पा काय म्हणाले असते ते हवंय ना, मग मी सांगते आप्पा काय म्हणाले होते. आणि त्या किरिस्ताव पोराचं सगळं सांगितलं. भाकरी, सुकट, तुम्ही तव्याकडे बघत बसलात ते. तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, आता तरी. पार्सलबाबू काड्या गोळा करायला लागले. मग सलूनवाला बोलला, आणि मायेनं बोलला, तेच वाईट. "आक्का, तुम्ही घरातले आप्पा सांगताय. आम्ही मैदानातले विचारतोय."

सगळे गेल्यावर मी धाकट्याला म्हटलं, तू तरी ऐक. तो म्हणाला, आक्का, आप्पांच्या मुलानं दोरीच्या बाहेर बसून बघायचं? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक दोन दिवस म्हणतील, गुडघा जन्मभर म्हणेल. तर हसला. "आप्पा तुला असं काही बोलले असतील असं मला वाटत नाही गं. तुला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी बोलले असतील." आई गेल्यावर ज्या पोराला मी मांडीवर घेऊन वाटीनं दूध पाजलं, तो मला माझा बाप समजावून सांगतोय. मी काय करायला हवं होतं? त्याचे बूट लपवू? दाराला कडी लावू? चोवीस वर्षांचा घोडा आहे. मी त्याच्या गुडघ्याला दवाखान्यातला पट्टा घट्ट बांधून दिला. दुसरं काय करणार.

मैदानावर गेले मी. तुमच्यानंतर पहिल्यांदा. बायकांच्या घोळक्यात उभी राहिले. बुली होऊन खेळ सुरू झाला आणि तो धावला, आणि तो खेळला छान, हे मी म्हटलं नाही तर ते खोटं होईल. मला तेवढं कळतं. चेंडू त्याच्या काठीला चिकटून यायचा. सगळे त्याच्या नावानं ओरडत होते आणि शेजारची बाई मला कोपरानं ढोसत होती, तुझा भाऊ, तुझा भाऊ. दुसऱ्या अर्ध्यात, दोघांचेही गोल सारखे असताना, तो वळला आणि त्याचा पाय वळला नाही. पडला. कोणी मारलं नव्हतं त्याला. गुडघा हातात धरून आडवा पडलेला. मी ओरडले, पडून राहा रे, पडून राहा. माझ्या ह्या आवाजाला दवाखान्यात पेशंट घाबरतात, पण तिथे तो दोरीपर्यंतसुद्धा गेला नसेल. कारण भोंग्यातून मास्तर म्हणाले, पडला तो मेला. आणि मग सगळं मैदान.

तो उठला. कसा उठला ते मला बघवलं नाही, पण बघितलं. एका पायावर दोन उड्या मारून त्यानं चेंडू डाव्या इनसाइडला सरकवला आणि परत पडला, आणि त्या पोरानं गोल मारला. जिंकले. तुमचं बोलणं पुन्हा एकदा खरं ठरलं. हरले असते तर निदान मला कोणाला तरी काही म्हणता आलं असतं. जिंकल्यावर काय बोलणार? धाकट्याला खांद्यावर घेऊन नाचवला, त्या लोंबणाऱ्या पायासकट.

डाक्टरीत नापास झाला, हे तुम्हाला सांगायला नको. यार्डातही नाही ठेवला. पळत्या डब्याला लटकायचं काम, लंगड्याला कोण ठेवील. आता मालधक्क्यावर स्टुलावर बसून गोण्या मोजतो. गार्डाच्या जागेवर दुसरा कोणी गेला, परवा त्याची गाडी धक्क्यावरून गेली तर ह्यानं त्याला हात केला. मी रडले, ह्याला काही नाही. तो सुखात आहे, आप्पा, हेच मला उमजत नाही. सलूनमध्ये गेला की लोक उठून खुर्ची देतात. संध्याकाळी ओट्यावर पाय लांब करून बसतो आणि ती उडी कशी मारली ते पोरांना सांगतो. पार्सलबाबू आता म्हणतात, मी तर पहिल्यापासून म्हणत होतो ह्याला खेळवा. ड्रिल मास्तर म्हणतात, आप्पा वरून बघत असतील. मी आतून चहा आणून ठेवते. कोणाशी भांडू? सगळी चांगली माणसं आहेत. माझ्या आजारपणात हीच माणसं पाणी भरून देतात.

आता एक गोष्ट राहिली, ती लिहिते आणि हे बंद करते. गेल्या आठवड्यात दुपारी सलूनवाला धाकट्याची दाढी करायला घरी आला होता. धाकटा आत झोपलेला. मी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, माझं एक काम कर. ते चुलीपाशी बोललेलं, काठी दुसऱ्याची, हाड त्या पोराचं, ते एकदा आप्पांच्या आवाजात बोलून दाखव. त्याला कसं सांगू, आप्पा, की मला तुमचे शब्द आठवतात पण आवाज आठवत नाही. तो इतका हळू होता. त्यानं हातांचा कर्णा केला, काढला, परत केला. दोनदा सुरुवात केली. मग म्हणाला, "आक्का, हे ह्या आवाजात बसत नाही हो."

मी म्हटलं, राहू दे. तो वस्तऱ्याची धोपटी उघडायला लागला. मग मीच म्हटलं, तर मग तेच म्हण, नेहमीचं. त्यानं म्हटलं. पहिलं अर्धं म्हटलं आणि थांबला, तुम्ही थांबायचात तसा. ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं. उरलेलं मी म्हटलं.